निम्मी प्रात्यक्षिके पडद्यावर? विद्वत परिषदेस खुले पत्र

मा. कुलगुरू आणि विद्वत परिषदेचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतली रसायनशास्त्राची निम्मी प्रात्यक्षिके यापुढे कायमची आभासी पद्धतीने घ्यायची, हा आपला निर्णय आम्हाला परिपत्रकातून कळला. विभागात त्याआधी कोणाला काही विचारले गेले नव्हते. परिपत्रकात कारण दिले आहे की महामारीच्या काळात ही पद्धत ‘यशस्वीरीत्या राबवण्यात आली’. ती राबवणाऱ्यांपैकी मी एक. म्हणजे यशाचा हा दाखला आमच्याच नावावर फाडलेला आहे, आणि तो मला मान्य नाही. रीतसर पाठवलेल्या पत्रांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आधी माझा या प्रकरणाशी संबंध सांगते. मी ऑर्गॅनिक, म्हणजे कार्बनी रसायनशास्त्र शिकवते, आणि पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-19 ला महामारी म्हटले आणि जगभरातली विद्यापीठे पाठोपाठ बंद झाली. आमच्यापुढे तेव्हा फळा नव्हता, खडू नव्हता, आणि मुख्य म्हणजे हातवारे नव्हते. एक रेणू दुसऱ्यावर मागच्या बाजूने कसा चालून जातो, हे वर्गात आम्ही अर्धे खडूने आणि अर्धे अंगाने दाखवतो. माउसने काढलेल्या वेड्यावाकड्या बाणातून इलेक्ट्रॉन कुठून निघाले आणि कुठे पोचले, हे कोणालाच कळत नाही. मग पुस्तकांच्या दोन चळतींवर मोबाइल आडवा ठेवायचा, खाली कागद, आणि कागदावर आपल्याच हाताची सावली. सेमिस्टर असे पार पडले.

त्यात गमतीही झाल्या. आपलाच चेहरा आपल्याला आरशातल्यासारखा उलटा दाखवायचा, ही अनेक व्हिडिओ ॲपची रीत. समोरच्यांना मात्र सुलट चित्र जाते. इतिहासाच्या प्राध्यापकांना याने काही फरक पडत नसेल. पण एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले मॉडेल मी कॅमेऱ्यासमोर धरले, (अशा रेणूच्या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांना ‘आर’ आणि ‘एस’ म्हणतात) की माझ्या हातात ‘आर’, मुलांच्या पडद्यावर ‘आर’, आणि मला स्वतःला माझ्या पडद्यावर दिसतो तो ‘एस’. हे लक्षात आल्यावर तो अख्खा तास आम्ही त्यातच घालवला. किरॅलिटीवरचा, म्हणजे रेणूंच्या या डाव्या-उजवेपणावरचा, इतका रंगलेला तास मला प्रत्यक्ष वर्गातला आठवत नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण ‘बाईंना तंत्रज्ञान नको आहे’ असा या पत्राचा अर्थ लावला जाईल, याची मला कल्पना आहे. मला तंत्रज्ञान हवे आहे. त्या काळात हाती लागलेल्या कितीतरी गोष्टी मला सोडायच्या नाहीत. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी पाहायची छोटी चित्रणे, ज्यात उपकरण कसे जोडायचे आणि ब्युरेटच्या (द्रव थेंबाथेंबाने सोडायच्या मापनळीच्या) टोकात अडकलेली हवा कशी काढायची हे दिसते, ती मुलांनी थांबवून थांबवून पाहिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुले चॅटमध्ये नेमके प्रश्न विचारू लागली. वायूचे कण कसे आपटतात, आयन पाण्यात कसे सुटे होतात, हे दाखवायला फेटसारखी सिम्युलेशन फळ्यापेक्षा सरस आहेत. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प कोणालाही फुकट वापरता येतो. सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणजे परीक्षा बदलल्या. पुस्तक उघडे असणारच हे गृहीत धरून आम्ही प्रश्न काढू लागलो. व्याख्या विचारणे बंद झाले. एनएमआरचा स्पेक्ट्रम (रेणूची रचना ओळखायला चुंबकीय यंत्राने काढलेला आलेख) देऊन ‘दोन विद्यार्थ्यांनी दोन वेगळ्या रचना सुचवल्या आहेत, कोणाची बरोबर आणि दुसऱ्याची का चुकली’ असे विचारणे सुरू झाले.

आता आपण काय केले ते पाहा. परीक्षा पुन्हा जुन्या पाठांतराच्या साच्यात नेल्या. चित्रणे तयार करायला दिलेले सहाय्य काढून घेतले. आणि ज्या एका गोष्टीला आम्ही सगळे नाइलाज म्हणत होतो, म्हणजे हाताने करायचा प्रयोग माउसने करणे, तेवढी मात्र कायम केली. घराला आग लागली म्हणून माणूस खिडकीतून उडी मारतो. आग विझल्यावर दार बुजवून रोज खिडकीतूनच ये-जा करा, असे त्याला कोणी सांगत नाही.

या निर्णयाबाबतच्या माझ्या हरकती आता एकेक करून मांडते. पहिलीवर जास्त वेळ जाईल. तिला इलाज नाही, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

पहिली हरकत अशी, की पडद्यावरचे टायट्रेशन (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून त्याचे प्रमाण मोजणे) हे टायट्रेशन नाही. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड 25 मिली घ्या आणि तितक्याच मोलॅरिटीचे सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून सोडा. 24.95 मिलीपर्यंत पोचलात तर फ्लास्कमधला पीएच 4 च्या आसपास असतो. 25.05 मिलीला तो 10 च्या आसपास जातो. मधले अंतर 0.1 मिली, म्हणजे ब्युरेटचे जेमतेम दोन थेंब. पहिल्या वर्षाचा सगळा धडा या दोन थेंबांत आहे. एका हाताने स्टॉपकॉक, म्हणजे ब्युरेटची तोटी, आवरायचा, दुसऱ्याने फ्लास्क सतत गोल फिरवायचा, थेंब पुरता सुटू न देता टोकाला लटकवून धुऊन घ्यायचा. दर्शकाचा गुलाबी रंग येतो, फ्लास्क फिरवला की जातो. पुन्हा येतो आणि या वेळी रेंगाळतो. आता थांबायचे की आणखी अर्धा थेंब? फिकट गुलाबी तीस सेकंद टिकला की थांबा, असे आम्ही सांगतो. पण फ्लास्क तसाच ठेवला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि तो रंग हळूहळू पुन्हा फिका पडतो. नवखा विद्यार्थी घाबरून आणखी थेंब टाकतो. कधी थांबायचे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी त्याच्याकडे पुरावा असतो तो अर्धवट.

आपण विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये याच्या जागी एक बटण आहे. दाबले की ठरावीक मिलिलिटर पडतात. रंग बदलतो तो लख्ख. हवेचा बुडबुडा अडकत नाही, स्टॉपकॉक गळत नाही, मेनिस्कस (नळीतल्या द्रवाची वक्र पातळी) वरून किंवा खालून वाचायची सोयच नाही. तिन्ही रिडिंग तंतोतंत सारखी येतात. कॉन्कॉर्डंट, एकमेकींशी जुळणारी, रिडिंग म्हणजे काय, हे मी अशा मुलांना कसे शिकवावे ज्यांच्या रिडिंगना न जुळणे ठाऊकच नाही?

महामारीत आकडे आम्हीच तयार करून पाठवत होतो. सगळ्यांना एकच आकडे दिले तर एकाची नक्कल बाकीचे करणार, म्हणून प्रत्येकाच्या आकड्यांत स्प्रेडशीटने थोडीथोडी गडबड मिसळली. ती गडबड मोठी सभ्य होती, सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली. बाकावरच्या खऱ्या चुका अशा वागत नाहीत. टायट्रेशन चालू असताना टोकातला बुडबुडा सुटला की रिडिंग फुगते, घटत नाही. घाईत एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलून थांबायची जागा, ओलांडला की आकडा जास्तच येतो. म्हणजे चुकीला दिशा असते, आणि दिशा पाहून चूक ओळखता येते. हे कळलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत उपयोगाचा ठरतो. त्या वर्षीच्या अहवालांत मात्र ‘त्रुटींची कारणे’ या मथळ्याखाली पुन्हा पुन्हा दोनच शब्द वाचायला मिळाले: मानवी चूक. बिचाऱ्यांना कोणती चूक करायची संधीच मिळाली नव्हती, तर लिहिणार काय?

ऑर्गॅनिकच्या बाकावर हे आणखी उघड दिसते. गरम द्रावण गाळले, थंड व्हायला ठेवले, आणि स्फटिक आलेच नाहीत. किंवा स्फटिकांऐवजी तळाशी तेल जमले. मग काचेच्या कांडीने फ्लास्कची आतली भिंत खरवडायची, शुद्ध पदार्थाचा एखादा कण टाकून बघायचा, सॉल्व्हंट जास्त झाला असेल तर थोडा उडवायचा. कधीकधी हात बांधून बसणे हेच उत्तर असते, आणि तेच सगळ्यांत अवघड जाते. मॅग्नेशियम वापरून करायची ग्रिन्यार अभिक्रिया तर सुरूच व्हायला तयार नसते. काचेला कुठेतरी ओल राहिली असते किंवा मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा थर असतो. आयोडीनचा खडा टाकून, थोडी ऊब देऊन तिला जागे करावे लागते, आणि जागी झाली की अशी उसळते की बर्फाचे भांडे आधीच जवळ ठेवले नसेल तर धांदल उडते. सिम्युलेशनमध्ये यातले काही अडत नाही. अडलेला प्रयोग पुढे कसा न्यायचा, हेच तर प्रात्यक्षिकाच्या तासाला शिकवायचे असते.

याला शास्त्रीय चौकटही आहे. ग्लासगो विद्यापीठाचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी 1991 मध्ये मांडले की रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर एकाच वेळी चालते: डोळ्यांना दिसणारे पदार्थ, न दिसणारे कण, आणि कागदावरची चिन्हे-समीकरणे. विषय अवघड वाटतो तो या तिन्हींत सतत उड्या माराव्या लागतात म्हणून. सिम्युलेशन कणांची पातळी उत्तम दाखवते, चिन्हांचीही दाखवते. पदार्थाची पातळी तिला दाखवता येत नाही, नुसती रंगवता येते. आपला निर्णय नेमकी तीच पातळी निम्म्यावर आणतो.

इतिहासाचे म्हणाल तर यूस्टुस फॉन लीबिग वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1824 मध्ये, जर्मनीतल्या गीसेन इथे प्राध्यापक झाला. त्या काळी रसायनशास्त्र शिकायचे म्हणजे बहुतेक ठिकाणी बाकावर बसून प्राध्यापकांचा प्रयोग बघायचा. लीबिगने विद्यार्थ्यांच्या हाती उपकरणे दिली, स्वतःची विश्लेषणे स्वतः करायला लावली, आणि त्याच्या प्रयोगशाळेतून युरोपभर रसायनशास्त्रज्ञ पसरले. तसे करणारा तो एकटाच नव्हता, पण रीत रुजली ती तिथून. आता आपण विद्यार्थ्यांना पुन्हा बघ्यांच्या बाकावर बसवत आहात; बाक तेवढा घरचा आहे.

दुसरी हरकत सुरक्षिततेची. परिपत्रकात ‘आभासी प्रात्यक्षिके अधिक सुरक्षित’ असे एक वाक्य आहे. त्या तासापुरते ते खरे आहे. पण हाच विद्यार्थी तिसऱ्या वर्षी, किंवा एम.एस्सी.ला, किंवा एखाद्या कारखान्यात संहत सल्फ्युरिक ॲसिडची बाटली पहिल्यांदा उचलेल तेव्हाचे काय? ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे वाक्य पाठ असणे वेगळे आणि विरल करताना फ्लास्क तळहाताला किती चटकन तापतो हे एकदा अनुभवलेले असणे वेगळे. 2008 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका नामवंत विद्यापीठात टर्शरी-ब्युटिललिथियम सिरिंजने घेताना दट्ट्या बाहेर आला. हवेशी गाठ पडताच पेटणारे ते द्रव्य. तिथे काम करणाऱ्या तरुण सहाय्यिकेच्या अंगात लॅबकोट नव्हता, स्वेटर होता. ती अठरा दिवसांनी गेली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये प्रशिक्षणावर चर्चा झाली, आणि तिचा रोख असा होता की सुरक्षितता सही केलेल्या कागदात राहून चालत नाही, ती सवयीत उतरावी लागते. सवय लागायला पहिली दोन वर्षे असतात. फ्यूम हूडची (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच कुठवर खाली ओढायची, हातमोजा घालून दाराच्या मुठीला हात लावायचा नाही, केस बांधायचे, शेजारच्याचा बर्नर चालू आहे का ते ईथर उघडण्याआधी बघायचे. हे माउसने अंगवळणी पडत नाही.

तिसरी हरकत प्रयोगशाळा सहाय्यकांबद्दल आहे, आणि इथे माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्यावे. परिपत्रकाच्या शेवटी ‘मनुष्यबळात अपेक्षित बचत’ असे एक कलम आहे. विद्यापीठ बंद होते तेव्हा प्रयोगशाळाही बंद होत्या, असे परिषदेला वाटते काय? ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरानच्या उघडलेल्या बाटल्या ठेवून दिल्या तर त्यांत पेरॉक्साइड साठत जाते, आणि अशी बाटली पुढे नुसती गरम केली तरी स्फोट होऊ शकतो. त्या बाटल्या कोणीतरी तारखा बघून तपासाव्या लागतात. सोडियमवरचे तेल कमी झालेले चालत नाही. पीएच मीटरचा काचेचा इलेक्ट्रोड कोरडा पडला तर बिघडतो, तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडलेला राहावा लागतो. एनएमआरचा अतिवाहक चुंबक तर महामारी आहे म्हणून थांबत नाही. त्याला द्रव नायट्रोजन वरचेवर आणि द्रव हेलियम काही महिन्यांनी घालावेच लागते. नाही घातले तर चुंबक क्वेंच होतो, म्हणजे त्याची अतिवाहकता जाते, सगळा हेलियम वायू होऊन निघून जातो, आणि यंत्र पुन्हा उभे करण्याचा खर्च परिषदेच्या पुढच्या बैठकीत मंजुरीला येतो. हे सगळे कोणी सांभाळले? पडद्यावर न दिसणाऱ्या माणसांनी, प्रवासाची साधने बंद असताना, मास्क लावून, रिकाम्या इमारतीत एकेकट्याने येऊन. ज्यांच्यामुळे विद्यापीठाकडे आज चालू स्थितीतली प्रयोगशाळा आहे, त्यांचा उल्लेख आपल्या कागदावर बचतीच्या रकान्यात आहे.

त्यातून ज्ञानाचाही प्रश्न आहे. कोणती ब्युरेट गळते, कोणत्या बॅचचे द्रावण पुन्हा स्टँडर्डाइज करायला हवे, कोणत्या बाकावरचा नळ उघडला की दुसऱ्या बाकावरचा पंप ढिला पडतो, हे त्यांना ठाऊक असते. कुठल्या पुस्तकात ते लिहिलेले नाही.

चौथी हरकत परीक्षेच्या वेळी लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची. महामारी संपली तरी काही विषयांना ते चालू आहे. विद्यार्थ्याची नजर पडद्यावरून हलली की ते संशयाची नोंद करते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी रचना कागदावर काढतो, बाण कागदावर मारतो, मोल कागदावर मोजतो. म्हणजे जो खरोखर विचार करत आहे तोच सारखा खाली बघणार आणि तोच संशयित ठरणार. शिवाय उत्तर टाइप करायच्या चौकटीत पादांक देता येत नाहीत, भार दाखवता येत नाही, आणि यंत्राने तपासलेल्या पेपरांत ‘सल्फेट आयन’ बरोबर पण त्याचे सूत्र चूक ठरल्याची उदाहरणे आम्ही निस्तरत बसलो. नक्कल थांबवायची तर वर सांगितलेले प्रश्न काढावेत, ज्यांचे उत्तर कुठे तयार मिळत नाही. त्याला शिक्षकाचा वेळ लागतो, आणि तो कोणी मोजत नाही.

पाचवी लहान आहे. आमच्या व्याख्यानांची 2020 सालची ध्वनिचित्रमुद्रणे आता आम्हाला न विचारता पुढच्या वर्गांना दाखवली जात आहेत. ती घाईत, वाईट उजेडात, एका विशिष्ट तुकडीसाठी केलेली होती. त्यांत विद्यार्थ्यांचे आवाज आणि काही ठिकाणी नावेही आहेत. परवानगी ना त्यांची घेतली ना आमची.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या मुलांनी महामारीत पहिले किंवा दुसरे वर्ष काढले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी पदवी घेतली तेव्हा ती डिस्टिलेशनचा संच जोडायला घाबरत होती. ती हुशार होती. काहींनी घरातला एकच मोबाइल भावंडांत वाटून घेऊन, नेटवर्क मिळेल तिथे बसून अभ्यास केला आणि उत्तम गुण मिळवले. गुणपत्रिकेवर त्यांच्या नावासमोर प्रात्यक्षिकाचे पूर्ण श्रेयांक छापले आहेत. म्हणजे त्यांना काय येते याबद्दल विद्यापीठाने नोकरी देणाऱ्याला एक विधान केले आहे, आणि ते विधान खरे करण्याची जबाबदारी मात्र त्या मुलांवर सोडून दिली आहे. त्यांच्यासाठी भरपाईची प्रात्यक्षिके घ्यावीत, असा प्रस्ताव विभागाने दिला होता. तो ‘विचाराधीन’ आहे. मुले पुढे निघून गेली, प्रस्ताव तिथेच आहे.

परिषदेच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. प्रवेशसंख्या वाढली, बाक तेवढेच आहेत. रसायने महाग, कचऱ्याची विल्हेवाट त्याहून महाग. पण त्यावर या विषयात आधीपासून उपाय आहेत. मायक्रोस्केल पद्धतीत काही मिलिलिटर द्रव आणि काही मिलिग्रॅम घन पदार्थांत प्रयोग होतो. खर्च आणि कचरा दोन्ही घटतात, धोकाही कमी होतो, आणि प्रयोग तरीही हातानेच होतो. दर आठवड्याला दोन घाईचे प्रयोग करण्याऐवजी पंधरवड्याला एक नीट प्रयोग आणि त्याआधी चित्रण व चर्चा, असे केले तर त्याच बाकांवर दुप्पट तुकड्या मावतात. चर्चेचा भाग खुशाल ऑनलाइन ठेवावा. जे प्रयोग पदवीच्या विद्यार्थ्याला एरवी करताच येणार नाहीत, म्हणजे किरणोत्सारी क्षयाचा वेग मोजणे किंवा महागड्या यंत्राच्या जोडण्या आधी पडद्यावर शिकून घेणे, तिथे सिम्युलेशन जरूर वापरावे. प्रयोगाच्या आधी तिला जागा आहे, प्रयोगाच्या पलीकडेही आहे. प्रयोगाच्या जागी नाही. जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशनने सप्टेंबर 2020 मध्ये महामारीतल्या अध्यापनावर विशेषांक काढला होता. कोणी घरच्या साहित्यातून प्रयोग करून घेतले, कोणी चित्रित प्रयोगावरून आकडे काढायला लावले, कोणी आणखी काही. परिषदेने तो चाळावा. आणीबाणीत लोकांनी काय काय लढवले याची ती नोंद आहे, आणि त्याच नजरेने ती वाचावी.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

निम्म्या आभासी प्रात्यक्षिकांचे कलम पुढील शैक्षणिक वर्षापासून मागे घ्यावे. कोणता प्रयोग पडद्यावर आणि कोणता बाकावर, हे विभागाच्या अभ्यासमंडळाने प्रयोगागणिक ठरवावे.

महामारीत प्रात्यक्षिकाविना गेलेल्या तुकड्यांसाठी सुट्टीत ऐच्छिक भरपाई प्रयोगशाळा सुरू करावी. तिला शुल्क नसावे, परीक्षा नसावी, गुण नसावेत. उत्तीर्ण होऊन गेलेल्यांनाही ती खुली असावी.

प्रयोगशाळा सहाय्यकांचे एकही पद या निर्णयाच्या नावाखाली कमी करू नये, आणि बंदच्या काळात त्यांनी केलेल्या कामाची सेवापुस्तकात नोंद व्हावी.

रचना आणि समीकरणे लिहाव्या लागणाऱ्या विषयांना नजरेवर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर वापरू नये. पुस्तक उघडे ठेवून द्यायच्या परीक्षांना निदान अंतर्गत मूल्यमापनात जागा मिळावी, आणि असे प्रश्न काढण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा.

जुनी ध्वनिचित्रमुद्रणे लेखी संमतीशिवाय वापरू नयेत. नवी चित्रणे करायला मात्र कॅमेरा, बरा उजेड आणि एक माणूस द्यावा. ती आम्ही आनंदाने करू.

हा विषय परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यावा, आणि त्या वेळी विभागातले शिक्षक, एक प्रयोगशाळा सहाय्यक आणि महामारीत शिकलेले विद्यार्थी यांना बोलू द्यावे. ती बैठक सभागृहाऐवजी आमच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत घ्यावी, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक सदस्यासाठी एक ब्युरेट भरून ठेवू. सॉफ्टवेअरही शेजारच्या टेबलावर चालू ठेवू, दोन्ही करून पाहावे आणि मग मत द्यावे. लॅबकोट आणि चष्मे विभाग पुरवील. बूट तेवढे बंद घालून यावे.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका